काळी माशी आणि राहून गेलेलं वाक्य

कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत, वर्ध्याच्या थोडं अलीकडे, माझ्या पिशवीतली स्पिरिटची बाटली गळली आणि डब्यात वास सुटला. समोरच्या बाकावर तुमसरला निघालेल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी आधी नाकाला पदर लावला, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि न राहवून विचारलं, "बाई, दारू नेऊन राहिल्या का जी?"

"नाही हो, अळ्या ठेवायला घेतलंय."

"कायच्या अळ्या?"

"माशीच्या."

त्यांनी जे खिडकीकडे तोंड फिरवलं, ते माझं भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत इकडे वळवलं नाही.

मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. काळ्या माशीची अळी मी दर वर्षी फळ्यावर काढायचे. ती वाहत्या पाण्यात दगडाला शेपटीकडून चिकटते, डोक्यावरचे दोन पंखे उघडून पाण्यातला बारीक कण न् कण गाळून खाते, आणि मोठी झाली की हवेच्या बुडबुड्यात बसून वर येऊन उडून जाते. आफ्रिकेतल्या नद्यांकाठी हीच माशी एका माणसाच्या कातडीतले सूक्ष्म जंत दुसऱ्यापर्यंत पोचवते. ते जंत वर्षानुवर्षं डोळ्यांपर्यंत जात राहतात आणि माणूस आंधळा होतो. नदीकाठचं आंधळेपण म्हणतात त्याला. आपल्या देशात हा रोग नाही. माशीचे भाऊबंद आहेत, ते गुरांना आणि माणसांना चावतात, पण आंधळं करणारा तो जंत इथे नाही.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम इथे, सुरुवातीलाच लिहून ठेवते आहे.

चित्र इतक्या वेळा काढूनही जिवंत अळी मी कधी पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर माझी जुनी विद्यार्थिनी माधुरी हिचा फोन आला. ती लग्नानंतर भंडाऱ्याकडे आलेली. नवरा जवाहरनगरच्या कारखान्यात, राहायला तिथलंच क्वार्टर, आणि ती स्वतः आंधळगावच्या पुढे एका खेड्यात शाळामास्तरीण. "मॅडम, आमच्या शाळेजवळ तलाव आहे. त्याचं पाणी सुटतं तिथे फार बारीक काळ्या माशा चावतात. तुमची माशी तीच असेल का?" तिने विचारलं आणि मी तिकीट काढलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाला माझा आणखी उपद्रव नको.

स्टेशनवर माधुरी घ्यायला आली होती. सरळ रांगेतली पिवळट क्वार्टरं, दारापुढे पेरूची झाडं, शेजारी एका बाजूला ओडिशाचं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला तमिळ. तिने रात्री वांग्यात झिंगे (सुकवलेली बारीक कोळंबी) घालून भाजी केली होती आणि गरम भात. "कोथिंबीर घालू का?" असं तिने आधी विचारलं आणि लगेच हसून म्हणाली, "इथे याला सांबार म्हणतात मॅडम. पहिल्या वर्षी भाजीवाल्याने सांबार देऊ का विचारलं, तर मी म्हटलं, नको, मी घरीच करते."

सकाळी शिक्षकांनी मिळून ठरवलेल्या व्हॅनमधून निघालो. शहापूरपाशी हायवेला लागलो, भंडारा मागे टाकून वरठीवरून मोहाडीच्या बाजूला वळलो. माघातली थंडी होती. कापलेल्या धानाच्या बांधीत (चौकोनी खाचरात) लाखोळीला (लाखेच्या डाळीच्या पिकाला) निळी फुलं आलेली, आणि जिथे तलावाचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपं) हिरवेगार. आंधळगावात चहाला थांबलो. एका घरातून मागाचा खटखट आवाज येत होता. तिथे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड विणतात. उत्तरेला सातपुड्याच्या अंगाच्या टेकड्या धुक्यात अर्ध्या बुडाल्या होत्या.

तलाव गावाला लागूनच होता. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) एका बाजूला दगडी पायऱ्यांचं तुडुम (तलावातून पाणी सोडायची मोरी). उन्हाळी धानासाठी ते उघडलेलं होतं आणि पाणी जोरात खालच्या नाल्यात पडत होतं. माधुरी शाळेत गेली. मी साडी खोचून, पांढरा ट्रे आणि चिमटा घेऊन नाल्यात उतरले. दीड तास दगड उचलून पाहिले. गोगलगायी मिळाल्या, जळू मिळाली, ती माझ्या पोटरीला. माशी चावत होती, पण अळी एक नाही.

"काय हुडकून राहिल्या बाई?"

पाळीवर एक गृहस्थ बसले होते. साठीच्या पुढचे, अंगात जुना स्वेटर, मांडीवर मासोळीचं जाळं. ते जाळं सांधत होते पण हाताकडे पाहत नव्हते, आणि माझ्याकडेही नाही. दोन्ही डोळे पांढरट, आत गेलेले. चेहऱ्यावर खोल वण होते.

मी सांगितलं, दगडाला चिकटलेल्या बारीक अळ्या शोधते आहे.

"केस आलेले गोटे पायजेत का तुमाले?"

"केस आलेले?"

"हो न. शेवार (शेवाळ) वाटते हाताले, पन शेवार नाई. बोटाले गुदगुल्या करते." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "तुमी उभ्या हाय तिथं पानी झोपलं हाय. तिथं सात जनम भेटन नाई तुमाले."

ते पाय चाचपत सरळ खाली उतरले, पाणी पडत होतं तिथे वाकले, कोपरापर्यंत हात घातला, दोन-तीन दगड टाकून दिले आणि चौथा माझ्या ट्रेमध्ये ठेवला.

दगडाच्या एका अंगाला काळसर रांग होती. भिंग लावलं. शेकड्यांनी अळ्या, शेपटीकडे फुगलेल्या, पाण्याच्या दिशेने वाकलेल्या. डोक्यावरचे पंखे उघडत होते, मिटत होते. काही दगडांवर पुढून बंद चपलेच्या आकाराचे कोश होते आणि त्यांतून पांढऱ्या श्वासनळ्या धाग्यांसारख्या बाहेर आलेल्या. इतकी वर्षं खडूने काढलेली गोष्ट माझ्यासमोर जेवत होती.

त्यांचं नाव डोमाजी. त्यांचं घर पिढ्यानपिढ्या याच तलावावर मासे धरणारं. पुढचे दोन तास त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. दिवाळीनंतर पाणी गार झालं की गोट्यांना 'केस' येतात. तुडुम बंद केलं की एका दिवसात जातात. 'केस' दाट झाले की बारक्या मासोळ्या ते खायला येतात, म्हणून ते आपली ढुटी (बांबूची मासे धरायची टोपली) तुडुमाच्या जरा खालीच लावतात.

"याईले डोरे (डोळे) असते का बाई?"

"दोन काळे ठिपके असतात. उजेड-अंधार कळतो."

"मंग माझ्याहून बरे," असं म्हणून ते खो खो हसले आणि मला विचारलं, तुमच्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस बराच कमी झाला.

दुपारी त्यांच्या सुनेने, कांताने, मला जेवू घातलं. तांदळाच्या पिठाचे आयते (धिरडी) आणि मासोळीचा झणझणीत रस्सा. ती सकाळी धरलेली मासोळी टोपलीत घालून गावात विकायची. तिने मला आग्रहाने दोनदा वाढलं. मी वहीत लिहिलं: 'आंधळे मासेमार, साठीच्या पुढे, स्पर्शाने अळी ओळखतात.' एवढंच. डोळे कशाने गेले हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरचे वण पाहिले होते. प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेला ते वण कशाचे हे कळायला हवं होतं.

साडेतीनला माधुरीने मला सहावी-सातवीच्या वर्गात नेलं. "मॅडम, मुलांना काहीतरी सांगा ना. तुमच्या तासाला आम्ही घड्याळ विसरायचो."

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं, हे मला आता कळतं.

मी अळीचं चित्र काढलं. मुलं ऐकत होती, पण मागच्या बाकावर कुजबुज होती. मग मी आफ्रिकेकडे वळले. फळ्याच्या उरलेल्या भागात मी एका ओळीत चालणारी माणसं काढली, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, सगळ्यांत पुढे काठी धरलेला. "ही सगळी माणसं आंधळी आहेत," मी म्हटलं. "एवढ्याशा माशीने केली. ती आजारी माणसाला चावते, जंत उचलते आणि तुम्हाला आणून देते." कुजबुज थांबली. कौलांवर चिमणी उतरली तरी ऐकू आलं असतं. मी म्हटलं, "आणि तिची बहीण कुठे राहते माहीत आहे? तुमच्या तुडुमाखाली. मला ती कुणी शोधून दिली? तुमच्या डोमाजींनी, ज्यांना डोळे नाहीत."

मला त्यांचं कौतुक करायचं होतं. खरंच करायचं होतं. बेल झाली, मुलं बाहेर पळाली आणि मी खडूचे हात झटकत, तरुण झाल्यासारखी, व्हॅनमध्ये जाऊन बसले.

मधले शनिवार-रविवार क्वार्टरमध्ये अळ्या निवडण्यात गेले. सोमवारी कोश गोळा करायला पुन्हा तलावावर गेले, तर पाळीवर डोमाजी नव्हते. तुडुमाच्या पायऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. आधी वाटलं, कुणी चुना सांडला. मग वास आला. ब्लीचिंग पावडर होती. मी पाण्यात हात घालून दगड उचलला. अळ्या लोंबत होत्या, दोऱ्यासारख्या, पंखे मिटलेले. खालच्या डबक्यात बोटाएवढ्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. कितीतरी होत्या.

वरच्या अंगाला एक बाई कपडे धूत होती. मी विचारलं, हे कुणी केलं?

"गावच्याईनंच टाकली." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीच तं सांगतलं न मॅडम, हे माशी आंधरं करते. डोमाजीले केलं, आता आमच्या पोराईले करन. त्याईले बी सांगतलं, तुडुमावर बसू नोका म्हनून."

"डोमाजींना? त्यांना का?"

"काहून म्हनजे? माशी त्याईले चावते आन् मंग आमाले चावते. पोरगी वहीतून वाचून दाखवत होती."

मी डोमाजींच्या घरी कशी पोचले ते आठवत नाही. एका पायातली चप्पल नाल्यात राहिली होती हे दारात गेल्यावर लक्षात आलं. ते आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. हातात जाळं नव्हतं. कांता चुलीपाशी होती. ती उठली नाही, बसा म्हणाली नाही.

"काल दोन टोपले मासोरी वापस आनली," ती म्हणाली. "कोनी हात लावत नाई. तुमच्या घरचा रोग येते म्हनते. मामाजीले (सासऱ्यांना) घाटावर मना केली. पन्नास वर्सं झाले ते तिथं बसते."

"पण त्यांचे डोळे त्या माशीने..."

"मले माता आली होती," डोमाजी म्हणाले. "देवीचा रोग. सात वर्साचा होतो. सगऱ्या गावाले मालूम हाय."

"मग कुणी काही बोललं का नाही?"

"जुन्याईले मालूम हाय, पन जुने आता कोनाशी बोलते?" कांता म्हणाली. "शिकेल बाई येते कोल्हापूरवरून, फऱ्यावर काढून दाखवते, तिचं खोटं आन् आमचं खरं असं कोन म्हनन?"

माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "मी तसं म्हटलंच नव्हतं. हा रोग आपल्याकडे नाही, असं मी स्पष्ट सांगितलं होतं."

"मंग तिथं जाऊन सांगा न," डोमाजी म्हणाले. "मले कायले सांगता? मले तं मालूमच हाय."

मी शाळेत जाऊन सांगितलं. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी चारला पालकांना बोलावलं. माधुरीचा चेहरा उतरला होता.  मी तिला म्हटलं, "मुलांनी अर्धवट ऐकलं गं." तिने नुसती मान हलवली. माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. खरं सांगायचं तर दुपारभर माझ्या मनात हेही येऊन गेलं की डोकं दुखतंय म्हणून आताच व्हॅनने निघून जावं. माधुरी सांभाळून घेईल. ट्रे-चिमटा पिशवीत भरूनही ठेवला होता.

व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं जमली, बहुतेक बाया. मी उभी राहिले. आवाज नेहमीचा, वर्गातला काढला. "एक गैरसमज झाला आहे. मुलं लहान आहेत. त्यांनी अर्धं ऐकलं, अर्धं सोडलं. हा रोग आपल्या देशात नाही, हे मी त्या दिवशीही सांगितलं होतं."

समोरच्या रांगेतून एक बाई उठली. तिने शेजारी बसलेल्या मुलीचा दंड धरला. "आयकलं का? मॅडम म्हनते, तू अर्धं आयकलं. काल गावभर वाचत फिरली. घरी चाल, दाखवतो तुले." आणि तिने मुलीच्या पाठीत धपाटा घातला. मोठा होता, आवाज आला.

मुलगी सातवीतली. पायल तिचं नाव. ती रडली नाही. दप्तरातून वही काढून ती उभी राहिली. "मी सगळं लिवलं हाय," ती म्हणाली. "मी अर्धं लिवत नाई." आणि तिने वाचायला सुरुवात केली.

ते माझेच शब्द होते. 'जंत उचलते आणि तुम्हाला आणून देते.' 'तिची बहीण कुठे राहते माहीत आहे?' 'तुमच्या डोमाजींनी, ज्यांना डोळे नाहीत.' मी कुठे थांबले होते तिथे तिने पूर्णविराम दिला होता. फळ्यावरची माणसांची रांगही काढली होती, माझ्याहून बरी. शेवटची ओळ होती: 'बेल झाली.'

हा रोग आपल्या देशात नाही, हे वाक्य त्या वहीत नव्हतं.

एक क्षण मला वाटलं, तिचं लिहायचं राहिलं असेल. तसं म्हणता आलं असतं. सातवीतल्या मुलीच्या वहीपेक्षा जन्मभर शिकवणाऱ्या बाईचा शब्द त्यांनी मानला असता. तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात नजर माधुरीकडे गेली. ती त्या तासाला वर्गातच, दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि दिवसभर माझ्या मोठेपणासाठी गप्प राहिली होती. आता ती जमिनीकडे पाहत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. माझी लाज तिला वाटत होती.

"वही बरोबर आहे," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हटलं. "पायलने सगळं बरोबर लिहिलंय. मी ते वाक्य सांगितलंच नाही. मला गोष्ट रंगवायची होती. मुलं गप्प बसली, मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं राहून गेलं. आज सकाळपासून मी सांगितलं होतं, सांगितलं होतं असं म्हणते आहे, तेही खोटं. ही माशी इथे कुणाला आंधळं करत नाही. डोमाजींचे डोळे देवीच्या रोगाने गेले. त्यांच्यापासून कुणालाही काही होत नाही. त्यांच्या मासोळीपासूनही नाही."

 मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मले मालूम होतं. त्याले माता आली तवा माझी बहीन गेली, त्याच सालात." आणि खाली बसले. दुसऱ्या एकाने विचारलं, "मंग पावडर कायले टाकली आपन? सगरी बारकी मासोरी मेली न." त्याने कुणाला विचारलं ते कळलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पायलची आई मुलीजवळ उभी होती. तिने पायलच्या पाठीवर हात ठेवला, जिथे मारलं होतं तिथेच, आणि चोळत राहिली. मी जवळ जाऊन पायलला म्हटलं, "माझी चूक होती. मला माफ कर."

 तिने पेन उघडलं. "मॅडम, मंग वहीत आता काय लिवू?"

मी सांगितलं, तिने लिहिलं. हा रोग आपल्या देशात नाही. डोमाजींचे डोळे लहानपणी देवीच्या रोगाने गेले. शुक्रवारी सांगितलेलं इथल्या माशीबद्दल खरं नव्हतं.

"कोनं सांगतलं म्हनून लिवू?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. सकाळी व्हॅनने पुन्हा गावात गेले. डोमाजी पाळीवर होते, जाळं मांडीवर. मी शेजारी बसले. 

"सांगतलं म्हने तुमी," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं." त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "पन मले एक सांगा. गोट्याले केस कधी येईन वापस? मले ढुटी लावाले लागते."

मी विचार केला. पावडर वाहून जाईल. वरच्या नाल्यात माश्या असतील, त्या पाण्याशी लोंबणाऱ्या गवतावर अंडी घालतील. थंडी आहे, अळी वाढायला वेळ लागेल. "तीन आठवडे," मी म्हटलं. "कदाचित जास्तही. नक्की मला माहीत नाही."

"आता कदाचित म्हनाले शिकल्या तुमी," ते म्हणाले. हसले नाहीत.

 मग त्यांनी स्वतःच विषय बदलला, हिवाळ्यात मासोळी खोल जाते वगैरे सांगू लागले. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. कांता भेटली नाही. ती टोपली घेऊन आंधळगावच्या बाजारात गेली होती. गावात विकायला थांबली नव्हती.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, माधुरी सोडायला आली होती. गाडी हलायच्या आधी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मी तेव्हाच बोलायला हवं होतं."  मी तिला कधी बोलायला शिकवलंच नव्हतं. माझ्या वर्गात मुलं घड्याळ विसरायची आणि माझं म्हणणं कुणी तपासायचं नाही, याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. आता मला तीस वर्षांतले तास आठवू लागले. कुठल्या तासाला मी कुठलं वाक्य गाळलं होतं, आणि कुठल्या घरी ते तसंच पोचलं होतं, ते कळायला मार्ग नाही. प्रत्येक वर्गात पायल नसते.

महिन्याने माधुरीचा फोन आला. तुडुमाखाली दगड पुन्हा काळे झालेत. डोमाजी रोज बसतात. मासोळी गावातली बरीच घरं घेतात, तीन-चार घरं अजून घेत नाहीत. त्या घरांत लहान मुलं आहेत. "त्यांना पटलंय मॅडम," माधुरी म्हणाली, "पण ते म्हणतात, कशाला उगाच." कांता आता आंधळगावच्याच बाजारात बसते. गावातल्यांनी बोलावलं तरी येत नाही.

कोल्हापुरात आल्यावर शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या. "काय मग, मिळाली का तुमची माशी? कसा झाला प्रवास?"

"मिळाली," मी म्हटलं. "अहो, गंमत ऐका. तिथे एक आंधळे गृहस्थ आहेत, त्यांनी नुसत्या हाताने..."

वहिनींचे डोळे मोठे झाले. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या पुढे सरकल्या. गोष्ट छान सुरू झाली होती.

मी थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चुकीच्या जागेपासून सांगते आहे. मी तिथे एका वर्गात काय बोलले, ते आधी सांगते."